पाहुणा सातासमुद्रापारचा, कागद धारणीचा

बापू, हरिसालच्या गेटवर तुझी जिप्सी लागली आणि घरामागच्या दोन खोल्यांत पाहुणे उतरायला लागले, हे फार चांगलं झालं. एके काळी मेळघाटात बाहेरचा माणूस यायचा तो कुपोषणाची पाहणी करायला. आता लोक वाघ बघायला येतात, अस्वल बघायला येतात. १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. तो पिंगळा आपल्याही सागवानात आहे, म्हणून दुर्बिणी गळ्यात अडकवून परदेशी पक्षीवेडेही येतात. वाघ कुठल्या नाल्यावर पाणी प्यायला येतो, हे मी तुला शिकवणार नाही. पण अचलपूरच्या वकीलसाहेबांकडे अपघाताचे दावे टाइप करण्यात माझी उमर गेली, तेवढी विद्या माझ्याजवळ आहे. परदेशी पाहुणा तुझ्या भरवशावर इथं आला आणि त्याला काही झालं, तर त्याला काय मिळू शकतं आणि ते त्याच्या हातात कसं पडेल, हे तुला ठाऊक असलं पाहिजे. आपल्या गावात त्याच्याजवळ तुझ्याशिवाय कोण आहे?

कायदा पासपोर्ट बघत नाही

पहिली गोष्ट मनात पक्की धर. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम १६६ खाली जखमी माणसाला दावा करता येतो आणि माणूस गेला तर त्याच्या वारसांना. तो माणूस भारताचाच असला पाहिजे, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. १९९५ साली भारतात आलेला एक डॉक्टर रस्ता अपघातात गेला. तो अमेरिकेचा नागरिक होता, बायको-मुलं तिकडे. त्यांनी इथल्या न्यायाधिकरणात दावा टाकला आणि तो २००२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकला. रकमेवर घासाघीस झाली, ती पुढं सांगतो. पण ‘तुम्ही परके, तुम्हाला कसली भरपाई’ असं कुणी म्हणालं नाही. संविधानाच्या एकविसाव्या कलमातलं जीविताचं संरक्षण ‘नागरिका’ला नाही, ‘व्यक्ती’ला दिलेलं आहे, हेही सर्वोच्च न्यायालयानं २००० साली एका बांगलादेशी बाईच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

तेव्हा कुणी म्हणालं, ‘गोरा माणूस आहे, दोन दिवसांनी विमानात बसेल, कशाला भानगडीत पडता’, तर त्याचं ऐकू नको. हक्क त्याचाही आहे. अडचण आहे ती हक्क सिद्ध करण्याची, कारण साक्षीदार इथं राहतात आणि तो तिकडे जातो.

पाहुणा काय समजून आला आहे, ते आधी विचार

न्यूझीलंडचा पाहुणा असला तर तो तुला विचारेल, ‘इथलं सरकार दवाखान्याचे पैसे देतं ना?’ त्याला हसू नको. त्याच्या देशात १ एप्रिल १९७४ पासून अशी योजना आहे की अपघात झाला, इजा झाली, की चूक कुणाची हे न विचारता उपचार मिळतात. लोक तिला ‘एसीसी’ म्हणतात. तिकडे फिरायला गेलेल्या पाहुण्यालाही ती लागू असते. आपल्याकडचे आईबाप मुलाकडे ऑकलंडला गेले आणि घसरून पाय मोडला, तर तो पाय तिथं त्या योजनेतून नीट होतो. आजारपण मात्र त्यात येत नाही. पाहुण्याचा त्याच्या स्वतःच्या देशातला बुडालेला पगार मिळत नाही. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे, इजेच्या भरपाईसाठी दुसऱ्यावर कोर्टात दावा करायचा रस्ता तिथं बंद आहे.

आपल्याकडं गणित उलटं आहे. सरकार सरसकट भरपाई देत नाही, पण दावा करायची वाट उघडी आहे आणि रकमेला वरची मर्यादा नाही. ज्याची चूक त्याच्या गाडीच्या विमा कंपनीकडून पैसे घ्यायचे. म्हणून आपल्याकडं विचारावं लागतं: चूक कुणाची, गाडी कुणाची, विमा कसला? हे पाहुण्याला पहिल्याच दिवशी समजावून सांग आणि खोली देताना त्याच्या प्रवास विम्याच्या कागदाचा फोटो काढून ठेव. घरी परत जायचं विमान, तिकडचे पुढचे उपचार, बरोबरच्या माणसाचा खर्च यासाठी त्याचा विमाच कामी येतो.

परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते. सगळे तिला अजून ‘सी-फॉर्म’च म्हणतात. ती टाळू नको. दंडाची भीती एकीकडे. दुसरीकडे असं की उद्या कोर्टात ‘हा माणूस त्या दिवशी इथं होताच कशावरून’ असा प्रश्न आला तर तीच नोंद उत्तर देते.

गाडी हलायच्या आधीच भरपाई ठरलेली असते

अपघातानंतर लोक वकील शोधतात. मी सांगतो, आधी विम्याचा कागद शोध. निम्म्याहून जास्त भांडण तिथंच लागतं.

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत पैसे घेऊन माणूस बसवला, की विमा कंपनी हात वर करते. ‘ही गाडी भाड्यानं चालवायची नव्हती’ हे तिचं पहिलं वाक्य. म्हणून पिवळी पाटी, प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि प्रवाशांचा समावेश असलेली पॉलिसी. खासगी गाडीची नुसती ‘थर्ड पार्टी’ पॉलिसी असली तर आत बसलेल्या माणसाला ती धरत नाही; पॅकेज पॉलिसी असली तर धरते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं हा फरक स्पष्ट केला. मोटारसायकलच्या मागच्या सीटवरच्या माणसाचंही तेच. पाहुण्याला ‘चला, दाखवतो सिपना नदी’ म्हणून मागं बसवण्याआधी आपल्या गाडीची पॉलिसी वाच.

मग सीट मोज. काळी-पिवळीवाल्यांचं ठरलेलं वाक्य तुला माहीत आहे: ‘काई होत नाई, सरका थोडे.’ आठ सीटच्या गाडीत चौदा माणसं सरकतात. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली सांगितलं की पॉलिसीत जितक्या सीट, तितक्याच माणसांपुरती कंपनी बांधील. वरचे पैसे मालकानं द्यायचे. आता त्या मालकाकडं घर आणि दोन बैल असतील तर वरच्या सहा माणसांना काय मिळणार, तूच सांग.

आणि मालगाडी. बाजाराच्या दिवशी पिकअपमध्ये, छोटा हत्तीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अख्खी गावं धारणीला येतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हा निकाल २००३ पासून उभा आहे. मालाबरोबर मालाचा मालक बसला असेल तर गोष्ट वेगळी. तो पॉलिसीत येतो. परदेशी पाहुण्याला ‘खरा भारत’ बघायचा म्हणून ट्रॉलीत बसायची फार हौस असते. ती हौस पुरवू नको.

तुझं स्वतःचं लायसन्स मुदतीत ठेव. सात हजार पाचशे किलोपर्यंतच्या प्रवासी गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, वेगळी नोंद नसली तरी चालतं, हे २०२४च्या नोव्हेंबरात घटनापीठानं पक्कं केलं. मुदत संपलेलं मात्र चालत नाही.

पहिला तास माणसासाठी

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला येणारा रस्ता तू डोळे मिटून चालवशील. पण २०२४च्या सप्टेंबरात सेमाडोहजवळ धारणीकडं येणारी खासगी बस पुलावरून खाली गेली. माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. घाटात मोबाइलला रेंज कुठं आहे आणि कुठं नाही हे डोक्यात ठेव. रेंज आली की १०८ लाव, १०८ लागला नाही तर ११२. आणि गाडी थांबवून दुसऱ्या गाडीवाल्याला निरोप दे, तोही पुढं जाऊन फोन करेल.

गाडी तुझी असली तर जखमीला दवाखान्यात पोचवणं, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं हे कलम १३४ प्रमाणं तुझं कर्तव्यच आहे. गाडी दुसऱ्याची असली आणि तू फक्त मदतीला धावलास, तर कलम १३४-अ तुला सांभाळतं. मदत करणाऱ्याला नाव-गाव सांगायची सक्ती नाही आणि दवाखान्यात डांबून ठेवायचं नाही. हे कंडक्टरला सांग, चहावाल्याला सांग. ‘पोलिसांचं लफडं मागं लागेल’ या भीतीनं आपल्याकडं माणसं रस्त्यावर गेली आहेत.

२०२५च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं रस्ता अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना आणली. मोटार अपघातात जखमी झालेल्या कुठल्याही माणसाला, ठरवून दिलेल्या दवाखान्यात, अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. ‘कुठल्याही माणसाला’ हेच शब्द आहेत. यादीत नसलेल्या दवाखान्यानंही निदान जीव स्थिर करून पुढं पाठवायचं आहे. तेव्हा धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाहुण्याला नेलं की आधी ‘आधार कार्ड दाखवा’वर गाडी अडली तर अडू देऊ नको. पासपोर्ट दाखव आणि योजनेचं नाव घे. पुढं अमरावतीला सरकारी इर्विन रुग्णालयात किंवा खासगीत न्यायचं झालं तर योजनेच्या यादीतला दवाखाना कुठला, हे इथूनच विचारून निघ.

दवाखान्यातलं पहिलं वाक्य

आता मी सांगतो ते कान देऊन ऐक. माझ्या टेबलावरून गेलेले बरेच दावे याच एका ओळीवर अडखळले.

जखमी माणूस आला की डॉक्टर विचारतात, ‘कसं झालं?’ आणि मेडिको-लीगल रजिस्टरात एक ओळ लिहितात. त्या ओळीला सगळे ‘हिस्ट्री’ म्हणतात. जखमी कण्हत असतो, परदेशी असला तर त्याची भाषा कुणाला कळत नाही. मग बरोबरचा कुणीतरी घाईत सांगून टाकतो, ‘गाडीवरून पडला.’ झालं. मागून ट्रकनं धडक दिली होती, म्हणून पडला; पण रजिस्टरात ‘पडला’ एवढंच राहिलं. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील ती एकच ओळ मोठ्यानं वाचतो.

म्हणून तिथं हजर राहा आणि पूर्ण वाक्य सांग. कुठल्या गाडीनं, कुठल्या बाजूनं, कुठं, किती वाजता. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही. नंबर माहीत नसेल तर ‘अनोळखी वाहनानं धडक दिली’ असं स्पष्ट. पाहुण्यानं दारू घेतलेली नसेल आणि कुणी सवयीनं ‘दारूचा वास’ लिहीत असेल, तर नम्रपणे रक्ततपासणी मागायची.

ठाण्यात काय मागायचं

अपघात चिखलदऱ्याच्या हद्दीत आणि तू बसलास धारणीच्या ठाण्यात, तरी गुन्हा नोंदवून घेता येतो. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत तो कायद्यानं लिहिलेला आहे. फिर्याद देणाऱ्याला नक्कल फुकट मिळते, ती घेऊनच उठ. पाहुण्याचा जबाब दुभाष्यामार्फत होत असेल तर सही करायच्या आधी त्याला वाचून, समजावून सांगायला लाव. न कळलेल्या कागदावर कुणी सही करत असेल तर हात धर.

अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाकडं पाठवायची असते आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत. २०२२पासून हे नियम आहेत. आठवड्यानं जाऊन ‘साहेब, तो पहिला अहवाल गेला का’ एवढंच विचारून ये. विचारलं की हलतो.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर काहीच मिळत नाही असं नाही. हिट अँड रनची योजना १ एप्रिल २०२२पासून सुधारली. मृत्यूला पंचवीस हजार होते, ते २ लाख झाले; गंभीर इजेला साडेबारा हजार होते, ते ५० हजार. अर्ज कोर्टात नाही, अपघात जिथं झाला तिथल्या महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्याकडं उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडं करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्याकडून. एफआयआर, दवाखान्याचे कागद, ओळखीचा पुरावा आणि बँकेचं पासबुक जोडायचं.

विमानात बसायच्या आधी

पाहुणा बरा झाला की त्याला घरची ओढ लागते. त्या ओढीत दावा बुडतो. मोटार कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे आणि ती १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. या मुदतीवर कोर्टांत वाद झाले, आणखीही होतील. तू त्या वादावर विसंबू नको. सहा महिने म्हणजे सहा महिने.

तेव्हा निघायच्या आधी त्याच्याकडून ही कामं करून घे. वकीलपत्रावर सही. इथल्या भरवशाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र. दवाखान्याची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये. त्या सगळ्या कागदांचे फोटो त्याच्या मोबाइलवर. अपघाताच्या जागेचे फोटो. त्याचा तिकडचा पत्ता आणि ई-मेल वकिलाकडं.

सही करायची राहिली आणि तो निघून गेला, तरी वाट आहे. तिकडं नोटरीसमोर मुखत्यारपत्र करायचं आणि त्यावर ‘अपोस्टील’ म्हणजे कागद खरा असल्याचा तिकडचा सरकारी शिक्का घ्यायचा. भारत २००५ साली अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, त्यामुळं त्या करारातल्या देशांचा असा कागद आपल्याकडं चालतो. तिकडच्या पुढच्या उपचारांची बिलं, डॉक्टरचा अपंगत्वाचा दाखला, पगाराचे कागद यांनाही हीच पद्धत. साक्षीसाठी विमानानं यायलाच हवं असंही आता राहिलेलं नाही; कोर्टाच्या परवानगीनं व्हिडिओवर साक्ष होते.

दावा कुठं टाकायचा? अपघात झाला तिथं, दावा करणारा राहतो तिथं किंवा ज्याच्यावर दावा तो राहतो तिथं. पाहुणा भारतात राहतच नाही, म्हणून त्याला आपलं अमरावती-अचलपूर. नाहीतर विमा कंपनीचं कार्यालय असलेलं शहर. मुंबईत त्याचे ओळखीचे लोक असतील तर त्याला ते सोयीचं पडतं.

किती मिळतं, याचा हिशोब

‘किती मिळतील मामा?’ हा प्रश्न मला जखमीच्या आधी त्याचे नातेवाईक विचारत. आकडा हवेतून येत नाही. पद्धत ठरलेली आहे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल कुठल्याही वकिलाला विचार.

पंचवीस वर्षांचा, स्वतःचं काम करणारा, महिना १० हजार कमावणारा गाइड गेला असं धर. घरात बायको, दोन मुलं, आईबाप. पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की महिना १४ हजार, वर्षाचे १ लाख ६८ हजार. त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा: १ लाख २६ हजार. या वयाला गुणक १८. म्हणजे २२ लाख ६८ हजार, वर अंत्यविधी वगैरे ठरावीक रकमा. बाई घर सांभाळणारी असली तर ‘ती कमावत नव्हती’ म्हणून शून्य धरत नाहीत. तिच्या कामाचंही उत्पन्न धरतात.

परदेशी माणसाचा पगार डॉलरात. तो मान्य होतो, दावा दाखल केला त्या दिवसाच्या विनिमय दरानं रुपयांत आणतात. पण सुरुवातीला सांगितलेल्या अमेरिकन डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं इथलं आणि तिथलं उत्पन्न यांतली दरी बघून गुणक दहावर आणला. म्हणून पाहुण्याला आकाशातला आकडा सांगू नको आणि घाबरून चिल्लरवर तोडही करू देऊ नको.

तोड कुठं होते, तेही ऐक. चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख, अशी सोय कलम १६४ मध्ये आहे. लवकर मिळतात. पण कंपनीशी तडजोड करून ते स्वीकारले, की कलम १६६चा मोठा दावा तिथंच संपतो. पायाचं हाड साधं मोडलं आणि घरी जायची घाई असेल तर घ्यावेत; नुसता मुरगळलेला पाय गंभीर इजेत येत नाही. पाय कापावा लागला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सही नाही.

जिथं दावा लागत नाही

पाहुण्यानं गाडी स्वतः चालवली, वळणावर स्वतःच घसरला, दुसरी गाडी नाही. मग दावा कुणावर? दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, हे कोर्टानं ठरवलेलं आहे. मालक स्वतःवर दावा करू शकत नाही. गाडीवर १५ लाखांचा जो वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक-चालकाचा. अशा वेळी पाहुण्याचा प्रवास विमाच खरा, आणि त्यातही मोटारसायकल वगळलेली असते कधी कधी. किल्ली देताना आंतरराष्ट्रीय परवाना बघ, प्रवास विमा बघ. दोन्ही नसतील तर किल्ली तुझ्याच खिशात.

तुझ्या खोलीच्या पायऱ्यांवर दिवा नव्हता आणि तो पडला, तर तो मोटार अपघात नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली ती उणीव. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार होते आणि ती तुझ्यावर होते. म्हणून दिवा लाव. कठडा बांध.

वाघ, अस्वल, रानडुक्कर यांचा विषय वनखात्याचा. मोहफुलं वेचताना अस्वलानं पकडलेली माणसं तू पाहिलीस. राज्य सरकारनं २०२३ पासून वन्यप्राण्यामुळं मृत्यू झाल्यास २५ लाख ठरवले आहेत. त्यातले १० लाख हाती आणि बाकीचे मुदत ठेवीत. त्याच दिवशी वनरक्षकाला कळव आणि पंचनामा करून घे.

आपली पोरं परमुलखात जातात तेव्हा

आता उलटं बघ. दिवाळीनंतर तालुक्यातली कोरकू पोरं कामाला बाहेर पडतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, मध्य प्रदेशात, पुण्या-मुंबईकडं. होळीला परततात. तिथं ती परकीच असतात. गोऱ्या पाहुण्याला जी अडचण इथं, तीच त्यांना तिथं: साक्षीदार एकीकडं, घर दुसरीकडं.

त्यांना सांग, कामावर इजा झाली तर १९२३ पासून कायदा आहे. २०२५च्या नोव्हेंबरपासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशोब तोच. पंचवीस वर्षांचा पोरगा, मजुरी महिना १५ हजार धरली. कामावर गेला तर मजुरीचे निम्मे म्हणजे साडेसात हजार, त्याला वयाचा गुणक २१६.९१ लावायचा: १६ लाख २६ हजार ८२५. यंत्रात अंगठा गेला तर अपंगत्व ३० टक्के धरतात. पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या साठ टक्क्यांनी १९ लाख ५२ हजार १९० होतात, त्याचे तीस टक्के म्हणजे ५ लाख ८५ हजार ६५७ रुपये. आणि आपल्याकडं ठेकेदार अंगठ्याचे वीस हजार देऊन गाडीत बसवून देतो, वर उपकार केल्यासारखा.

मृत्यूची भरपाई ठेकेदारानं घरी नोटा मोजून दिली तर कायदा तिला भरपाई मानत नाही. ती कामगार भरपाईचे दावे बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं जमाच करावी लागते. ठेकेदार पळाला तर वरचा मालक बांधील. ‘मी काही मागणार नाही’ असं लिहून घेतलेला कागद फुकट. दोन वर्षांची मुदत आणि दावा कामगार राहतो तिथंही टाकता येतो. निघताना फक्त मुकादमाचं नाव, कामाच्या जागेचा पत्ता आणि हजेरीच्या वहीचा एक फोटो घरी पाठवायला सांग. बँकेत वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. जायच्या आधी खात्यात तेवढे ठेवायला लाव.

रेल्वेतून पडला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, मृत्यूला ८ लाख, मुदत एक वर्ष. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप पडत नाही, पण तिकीट जपलेलं बरं. एसटीचं तिकीटही फेकू नये. त्यात अपघात सहायतेचा एक रुपया असतो, त्यामागं मृत्यूला १० लाखांपर्यंतची मदत आहे.

वकील, दलाल आणि पैसा

अपघाताची बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात चांगले कपडे घातलेला एक माणूस उभा असतो. ‘तीस टक्के माझे, बाकी तुमचे, तुम्ही फक्त सह्या करा.’ त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. वकिलानं मिळालेल्या रकमेत हिस्सा ठरवणं नियमातच बसत नाही. आदिवासी माणसाला, कुठल्याही बाईला, कामगाराला फुकट वकील मिळतो; तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन.

कोऱ्या कागदावर सही नाही, कोऱ्या चेकवर तर नाहीच. पैसे दावा करणाऱ्याच्या खात्यातच जातात याची खात्री कर. लहान मुलांच्या, न शिकलेल्या बाईच्या नावचे पैसे कोर्ट मुदत ठेवीत टाकतं. ते ‘सोडवून देतो’ म्हणणाऱ्यापासून जप. ठेव आहे तोवर पोरांची शाळा आहे.

एवढं सगळं एकदम डोक्यात राहणार नाही, मला ठाऊक आहे. दावा कसा लढवायचा ते वकील बघेल. तुझ्या हातात तीनच गोष्टी आहेत: निघायच्या आधीचा विमा, दवाखान्यातली पहिली ओळ आणि पाहुणा निघायच्या आधीची त्याची सही. आता चहा ठेव बाजूला आणि जिप्सीची पॉलिसी काढून आण. सीट किती लिहिल्या आहेत ते आत्ताच बघू.